परस्पर आधार, सैनिकांचा

युद्ध, चकमक, स्फोट किंवा वर्षानुवर्षांची खडतर नेमणूक यांमुळे मनाला इजा होते. ती सोसताना सैनिक, माजी सैनिक आणि त्यांचे घरचे एकमेकांना जो आधार देतात, त्याची ही नोंद. आधार देणारा डॉक्टर नसतो. त्याने तेच भोगलेले असते, त्यातून तो बराचसा सावरलेला असतो आणि ऐकून कसे घ्यावे याचे थोडे शिक्षण त्याला मिळालेले असते. झोप उडणे, फटाक्याच्या आवाजाने अंग थरथरणे, क्षुल्लक कारणावरून संताप, दारू, लग्नकार्याला जायचे टाळणे, सोबती गेले आणि आपण उरलो ही टोचणी, अशी या इजेची लक्षणे असतात. गावात ‘फौजीचं डोकं गरम’ एवढ्यावर ती निकालात निघतात, आणि बायको-मुलांना ती निमूटपणे झेलावी लागतात.

या पद्धतीची सुरुवात सैनिकांनी स्वतः केली. व्हिएतनाम युद्धाहून परतलेले अमेरिकन जवान 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात सामील झाले, पण बैठका जवानांच्याच राहिल्या. पुढे 1979 मध्ये तिथल्या सरकारने माजी सैनिकांसाठी वस्तीपातळीवरची केंद्रे मंजूर केली. या इजेचे वैद्यकीय नाव असलेल्या आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत जागा मिळाली ती 1980 मध्ये, म्हणजे त्याही नंतर. कॅनडात स्तेफान ग्रेनिए या अधिकाऱ्याने रवांडातील कामगिरीनंतर स्वतः हा त्रास भोगला. त्याच्या पुढाकाराने 2001 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या कुटुंबीयांना याच कामासाठी पगारी नेमले जाते. कुटुंबाला त्यात वेगळे स्थान आहे, आणि हे त्या कार्यक्रमाचे मोठे शहाणपण आहे.

भारतीय सेनेत या आधाराचे मूळ रूप रोजच्या शिस्तीतच आहे. त्याला ‘बडी’ म्हणतात. दोन जवानांची जोडी लावली जाते. पहारा, गस्त, जेवण, झोप सगळे बरोबर. घरून फोन आल्यावर याचा चेहरा का उतरला, हे सुभेदार साहेबांच्या आधी बडीला कळते. मात्र 2022 पूर्वी भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर चाळिशीच्या आत निवृत्त होतो आणि त्याच दिवशी ही जोडी तुटते. मराठा लाइट इन्फंट्री किंवा महार रेजिमेंटमधला जवान निदान मराठी बोलणाऱ्या सोबत्यांशी संपर्क ठेवू शकतो. सिग्नल्स, ईएमई, एएससी अशा देशभरातून भरती होणाऱ्या शाखांतल्या जवानाचा बडी कुठे बिहारात, कुठे तमिळनाडूत. पेन्शन, कॅन्टीन, उपचार यांची सोय सरकारने केली आहे. तुटलेल्या जोडीच्या जागी काय, याचे उत्तर व्यवस्थेत नाही. या विषयातली खरी उणीव तीच आहे.

नोकरीत असताना जवान मनाचे दुखणे सहसा सांगत नाही. लष्करी वैद्यकीय वर्गवारीला ‘शेप’ म्हणतात, आणि तिचे पहिलेच अक्षर मानसिक स्थितीचे आहे. तिथला दर्जा उतरला की बढतीवर, नेमणुकीवर, हत्यार हाताळण्यावर परिणाम होतो. ‘कॅटेगरी लागेल’ ही धास्ती त्यामुळे निराधार नाही. सोबत्याजवळ बोललेले कागदावर येत नाही, म्हणून तो तिथे बोलतो.

महाराष्ट्रात या आधाराचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्याजवळ खडकीला आहे. 1974 मध्ये स्थापन झालेल्या तेथील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याच्या इजेने कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले जवान राहतात. व्हीलचेअरवरचे खेळ, हाताचे कौशल्य, तोंडात कुंचला धरून केलेली चित्रकला असे उद्योग तिथे चालतात. आयुष्य संपले असे मानून आलेल्या नव्या जवानाला पटवण्यासाठी तिथे भाषण लागत नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्यासमोर खेळायला निघतो. खडकीतच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांसाठी 1917 मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था पुढे इथे आली. या दोन्ही ठिकाणी प्रवेश शरीराच्या जखमेवर मिळतो. ज्याच्या अंगावर ओरखडाही नाही, त्याच्यासाठी असे आवार नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्यात प्रश्नाचे रूप आणखी वेगळे आहे. इथले घर कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू वावरावर चालते. सीमेवरच्या जवानाला भावाच्या कर्जाची, वावराच्या हिश्श्याच्या वादाची चिंता, आणि घरच्यांना टीव्हीवरच्या प्रत्येक बातमीची. ताण असा दोन्हीकडून वाहतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयासाठी यवतमाळ गाठावे लागते. वर्धा नदीपलीकडे पुलगावचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. तिथल्या 31 मे 2016 च्या आगीत लष्करी अधिकाऱ्यांसह भांडाराचे अग्निशामक कर्मचारीही गेले. हे कर्मचारी सैनिक नव्हते, त्यामुळे त्यांची घरे सैनिक कल्याणाच्या चौकटीबाहेर राहतात. सीआरपीएफसारख्या निमलष्करी दलांसाठीही कल्याण मंडळ वेगळे आहे. गावाच्या लेखी सगळे फौजीच, आणि आधाराच्या कामात गावाचाच हिशेब बरोबर धरायला हवा.

वीरपत्नीचे दुःख तर आणखी गुंतागुंतीचे. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी ओसरल्यावर पेन्शन कुणाला, अनुदानात सासू-सासऱ्यांचा वाटा किती, पुनर्विवाह करावा का, हे प्रश्न घरातच उभे राहतात. ते ती कार्यालयातल्या बाबूजवळ बोलत नाही, दुसऱ्या वीरपत्नीजवळ बोलते. बंगळुरूत सुभाषिनी वसंत यांनी पती कर्नल वसंत 2007 मध्ये शहीद झाल्यावर वसंतरत्न फाउंडेशन उभारले, ते याच जाणिवेतून.

प्रत्यक्ष काम फार साधेपणाने सुरू होते. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी माजी सैनिक बँकेत जमतात. यंदा कोण आला नाही, हे तिथेच ध्यानात येते. मग कुणीतरी त्याच्या घरी जातो, आणि निमित्त असते कागदांचे: पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, ‘स्पर्श’ या पेन्शन प्रणालीतली नोंद. पहिल्या भेटीत कोणती पलटण, कोणते वर्ष, कोणती पोस्ट एवढेच बोलणे होते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बायको चहा ठेवता ठेवता सांगते की हे रात्री उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात. सल्ला देण्याची घाई करणारा सोबती इथेच चुकतो.

यासाठी सगळेच नव्याने उभारायची गरज नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने 2015 मध्ये 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन ताणाची लक्षणे विचारते आणि गरजूला पुढच्या उपचाराकडे पाठवते. यवतमाळ त्यात आहे. हीच आशाताई आणि गावातला एखादा निवृत्त हवालदार यांची गाठ घालून देणे तालुका पातळीवर सहज जमण्यासारखे आहे.

या आधाराला मर्यादा आहेत आणि त्या सोबत्याला ठाऊक असाव्या लागतात. औषध चालू करणे किंवा बंद करणे हे त्याचे काम नाही. ऐकणाऱ्याचीही जुनी जखम उघडी पडू शकते. त्यालाही बोलायला कुणी हवा. अनेक माजी सैनिक बँकेत बंदूकधारी रखवालदार असतात, घरात परवान्याची बंदूक असते. जगणे नकोसे झाल्याची भाषा ऐकू आली तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करावी, माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना गाठावे. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. सैन्यदलांतील जवान व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 रोजी सुरू झाला.