आरच्या पोटातली लिस्प: उत्तर नको, वाक्य दाखव!

कम्प्युटरच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज नंबर आहे आर या भाषेचा. स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्यांना आणि डेटावर काम करणाऱ्यांना ही भाषा रोज भेटते. पण आज आपण सरासरी किंवा रिग्रेशनवर बोलणार नाही. आज बोलायचंय या भाषेच्या पोटात लपलेल्या एका म्हाताऱ्या भाषेबद्दल. तिचं नाव लिस्प.

सुरुवात एका साध्या निरीक्षणापासून करू. आरमध्ये तुमच्याकडे उंची आणि वजन असे दोन कॉलम आहेत. प्लॉटच्या फंक्शनला ते दिलेत. ग्राफ आला आणि आडव्या अक्षाखाली उंची, उभ्या अक्षाशेजारी वजन अशी नावंही छापून आली. आता थांबा. आपण नावं कुठे दिली होती? आपण दिले आकडे. पायथनमध्ये साधा ग्राफ काढला तर नावं आपली आपण लिहावी लागतात, कारण तिथे फंक्शनच्या हातात फक्त आकडे पडतात. मग आरच्या फंक्शनला ही नावं कळली कुठून?

उत्तर असं आहे की आरच्या फंक्शनला किंमत तर मिळतेच, पण ती किंमत मागताना तुम्ही जे लिहिलं होतं, ते वाक्यही मिळतं. आजचा सगळा एपिसोड या एका ओळीचा इतिहास आहे.

आधी एक गंमत. ‘पुणे मोठं आहे’ आणि ‘पुणे दोन अक्षरी आहे’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात आपण शहराबद्दल बोलतोय, दुसऱ्यात शब्दाबद्दल. लिहिताना हा फरक दाखवायला आपण शब्दाला अवतरण चिन्हं लावतो. प्रोग्रामिंगमध्ये बहुतेक भाषांना फक्त पहिल्या प्रकारचं बोलणं जमतं. एक्स अधिक वाय लिहिलं की बेरीज होते, विषय संपला. पण मला बेरीज नकोय, मला ‘एक्स अधिक वाय’ हे वाक्यच हातात घेऊन बघायचंय, असं म्हणायची सोय किती भाषांत आहे?

ही सोय व्यवस्थित बांधली जॉन मॅकार्थी यांनी. १९५८ साली एमआयटीमध्ये त्यांनी लिस्पचं काम सुरू केलं आणि १९६० मध्ये त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध पेपर आला. लिस्प म्हणजे लिस्ट प्रोसेसिंग. तिथे डेटा लिस्टमध्ये ठेवायचा, आणि खरी गोष्ट पुढे आहे: प्रोग्रामसुद्धा लिस्टच असतो. बेरीज करायची असेल तर लिस्टमध्ये पहिलं अधिकचं चिन्ह, मग एक्स, मग वाय. प्रोग्राम लिस्ट असेल, तर लिस्टवर जे जे करता येतं ते प्रोग्रामवरही करता येतं. पहिला भाग काढा, बदला, उरलेला भाग दुसरीकडे जोडा. आणि लिस्ट चालवू नकोस, तशीच दे, असं सांगायला लिस्पमध्ये कोट आहे. कोट म्हणजे शब्दशः अवतरण चिन्हच!

लिस्टचा पहिला भाग काढणाऱ्या फंक्शनचं नाव कार आणि उरलेला भाग देणाऱ्याचं नाव कुडर. ही नावं आली आयबीएम ७०४ या मशीनवरून. त्या मशीनमधल्या एका शब्दाचे जे भाग होते, त्यांतल्या ॲड्रेस आणि डिक्रिमेंट या दोन भागांची ही आद्याक्षरं. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहेत.

मॅकार्थींनी कागदावर इव्हॅल नावाचं एक फंक्शन लिहिलं होतं. लिस्पचं वाक्य घ्यायचं आणि त्याची किंमत काढायची, एवढंच त्याचं काम. त्यांच्या डोक्यात ते सिद्धांतापुरतं होतं. पण त्यांच्याच टीममधल्या स्टीव्ह रसेल यांनी ते खरोखर मशीनवर उतरवलं आणि लिस्पचा इंटरप्रिटर तयार झाला. आणखी एक गोष्ट. कंसांनी भरलेलं हे रूप माणसांनी लिहावं असा मूळ बेत नव्हताच. माणसांसाठी गणितासारखं दिसणारं वेगळं रूप येणार होतं. ते कधी नीट आलंच नाही आणि लोकांना कंसांची सवय झाली.

१९७५ मध्ये एमआयटीतच गाय स्टील आणि जेराल्ड सस्मन यांनी लिस्पचं एक छोटं, नीटनेटकं रूप काढलं: स्कीम. त्यातली आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, फंक्शन जिथे जन्मतं तिथली व्हेरिएबल्स ते सोबत घेऊन फिरतं. घरून निघताना डबा सोबत घ्यावा, तसं. मग ऑफिसच्या कँटीनमध्ये काय शिजलंय याने फरक पडत नाही. याला क्लोजर म्हणतात.

आता गाडी दुसऱ्या रुळावर. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्समध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एस ही भाषा सुरू केली. त्यांच्याकडे स्टॅटिस्टिक्सची कामं करणारं भरपूर फोर्ट्रान कोड होतं. पण प्रत्येक छोट्या प्रश्नासाठी फोर्ट्रानचा प्रोग्राम लिहिणं म्हणजे चहासाठी रोज नवी चूल मांडण्यासारखं. त्यांना हवं होतं असं काही, की डेटासमोर बसावं, एक ओळ लिहावी, उत्तर बघावं, पुढची ओळ सुचावी. १९८८ मध्ये एस नव्याने लिहिली गेली. आता फंक्शनही ऑब्जेक्ट झालं आणि वाक्यही. सबस्टिट्यूट नावाचं फंक्शन वापरून आपल्याला दिलेल्या किमतीमागचं वाक्य मागता येऊ लागलं. सुरुवातीला आपण पाहिलेली अक्षांवरची नावं याच वाटेने येतात: सबस्टिट्यूटने वाक्य मिळवायचं आणि डीपार्सने त्याची अक्षरं करायची.

तिसरा थांबा न्यूझीलंड. ऑकलंड युनिव्हर्सिटीत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन हे दोघे स्टॅटिस्टिक्स शिकवत होते. विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये मॅकिंटॉश मशिन्स होती आणि त्यांवर चालणारं मनासारखं सॉफ्टवेअर नव्हतं. इहाका स्कीमच्या प्रेमात होते. स्कीममधल्या क्लोजरची गंमत त्यांनी एकदा एका सहकाऱ्याला दाखवली आणि तेच एसमध्ये करून बघितलं, तर जमलं नाही. एसमध्ये फंक्शन आपला डबा सोबत नेत नव्हतं. दोन्ही भाषांचं चांगलं एकत्र का करू नये, हा विचार तिथून जोर धरू लागला.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी काम सुरू केलं, ते एका छोट्या लिस्पसारख्या इंटरप्रिटरपासून. सी भाषेतल्या साधारण हजारेक ओळी. मग त्यावर एसचं रूप चढवलं, म्हणजे वरून बघणाऱ्याला एस दिसावी आणि आत स्कीम धावावी. १९९३ मध्ये त्यांनी हे लोकांना वापरायला दिलं, १९९५ मध्ये मार्टिन मेख्लर यांच्या आग्रहामुळे सोर्स कोड मोकळा केला आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी आरची १.०.० आवृत्ती आली. आठवतंय का, माणसांसाठी गणितासारखं रूप येणार होतं आणि राहून गेलं? एका अर्थी आरने ते काम पूर्ण केलं. वरून नेहमीचं गणित, खाली लिस्ट.

विश्वास बसत नसेल तर लॅपटॉपवर आर उघडा. एक्स अधिक वाय गुणिले २ हे वाक्य कोटमध्ये टाका आणि त्याची लिस्ट करा. तीन तुकडे मिळतील: अधिकचं चिन्ह, एक्स, आणि ‘वाय गुणिले २’ हे आणखी एक वाक्य. ते परत फोडा, परत तीन तुकडे. शाळेतलं वाक्यपृथक्करणच हे! आता पहिला तुकडा बदलून तिथे वजाचं चिन्ह ठेवा. झालं, तुमच्या हातातला प्रोग्राम बदलला. आरमध्ये जवळपास सगळंच असं आहे. इफ हे फंक्शन आहे, असाइनमेंटचा बाण हे फंक्शन आहे, साधा कंससुद्धा फंक्शन आहे. आणि आरचा सी भाषेतला सोर्स कोड उघडलात तर तिथे आजही कार आणि कुडर बसलेले दिसतील. आयबीएम ७०४ केव्हाच भंगारात गेलं, नावं मात्र टिकली.

इथे एक गोंधळ टाळू. आरमध्ये आपण रोज वापरतो ती लिस्ट लिस्पची लिस्ट नाही. ती एक व्हेक्टर आहे, तिच्या कप्प्यांत काहीही ठेवता येतं. लिस्पसारखी साखळी असलेली लिस्ट वेगळी, तिला पेअरलिस्ट म्हणतात, आणि ती मुख्यतः फंक्शनचे आर्ग्युमेंट्स आणि वाक्यं साठवायला आतल्या आत वापरली जाते.

या सगळ्याचा रोजच्या कामात उपयोग काय? पहिला उपयोग फॉर्म्युला. वजन, मग नागमोडी रेघ, मग उंची अधिक वय असं लिहिलं की मॉडेल तयार. इथे अधिक म्हणजे बेरीज नाही, तर उंचीही घ्या आणि वयही घ्या, असा अर्थ. असं चिन्हांनी मॉडेल लिहिण्याची एक पद्धत विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ मध्ये मांडली होती, १९९२ मध्ये फॉर्म्युला एसमध्ये आला आणि तिथून आरमध्ये. वाक्याची किंमत न काढता वाक्य हातात ठेवता येतं, म्हणूनच अधिकला वेगळा अर्थ देता येतो. दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले दीपायन सरकार आरच्या कोअर टीममध्ये आहेत. त्यांच्या लॅटिस पॅकेजमध्ये ग्राफसुद्धा फॉर्म्युल्यानेच सांगायचा असतो.

दुसरा उपयोग डेरिव्हेटिव्ह. आरमधल्या डी फंक्शनला एक्सचा वर्ग हे वाक्य द्या, ते २ गुणिले एक्स हे वाक्य परत देतं. आकडा नाही, वाक्य. तिसरा उपयोग डीप्लायर. त्यात कॉलमचं नुसतं नाव लिहून चालतं, कारण पॅकेज आधी तुमचं वाक्य पकडतं आणि मग डेटाच्या आत नेऊन चालवतं. हे पॅकेज लिहिणारे हॅडली विकहॅमही ऑकलंड युनिव्हर्सिटीतच शिकलेले.

पण मंडळी, फुकट काहीच मिळत नाही. फंक्शन केव्हाही वाक्य मागू शकतं, तर कम्पायलरने कोड आधीच वेगवान करायचा कसा? कोण कधी काय उलगडून बघेल याचा भरवसा नाही. आर अनेकदा हळू चालते, त्यामागचं हे एक कारण. दुसरा त्रास असा की डीप्लायरचं काम आपण आपल्या फंक्शनमध्ये गुंडाळलं की गडबड होते. पॅकेजला कॉलमचं नाव हवं असतं आणि त्याला दिसतं आपल्या आर्ग्युमेंटचं नाव. २०१९ मध्ये यासाठी दुहेरी महिरपी कंसांची युक्ती आली. ती चांगली आहे, पण नवशिक्याला ती मंत्रासारखी पाठ करावी लागते.

आणि आता इतिहासातलं सगळ्यात गमतीचं वळण. स्टॅटिस्टिक्ससाठी उघडउघड लिस्पच वापरा, असं म्हणणारी एक सिस्टिमही होती: ल्यूक टियर्नी यांची एक्सलिस्प-स्टॅट. तिच्यावरचं पुस्तक १९९० मध्ये आलं, चाहतेही होते. पण लोक एस आणि आरकडे गेले. पुढे टियर्नी स्वतः आरच्या कोअर टीममध्ये आले आणि आरचा बाइटकोड कम्पायलर त्यांनीच लिहिला. उलट, २००८ मध्ये खुद्द रॉस इहाका यांनी डंकन टेम्पल लँग यांच्यासोबत पेपर लिहिला, की पुढची सिस्टिम कॉमन लिस्पवर बांधूया. म्हणजे लिस्पवाला आरकडे आला आणि आरवाला लिस्पकडे बघू लागला!

यात कोण बरोबर, याचा निकाल एका ओळीत लागत नाही. इंजिनिअर म्हणून मला इहाकांचं दुखणं पटतं. वेग हवा असेल तर भाषेने काही गोष्टींना ठाम नाही म्हणावं लागतं. पण आर जिंकली ती वेगामुळे नाही. लॅबमधल्या बायोलॉजिस्टला, सर्व्हेवर काम करणाऱ्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला आपल्या विषयासारखं लिहिता आलं, म्हणून जिंकली. ही मोकळीक देणारी गोष्ट आणि वेग खाणारी गोष्ट एकच आहे: वाक्य हातात मिळणं.

ही ओढाताण अजून चालू आहे. २०२१ मध्ये आर ४.१.० मध्ये नवा पाइप आला. त्याचं वाक्य कोटमध्ये टाकून बघा, पाइप दिसणारच नाही. दिसेल साधा फंक्शन कॉल. आरने वाचतानाच वाक्य बदलून ठेवलेलं असतं, त्यामुळे चालवताना वेगळा खर्च नाही. सोयही राहिली, वेगही राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी आरमध्ये एखादं फंक्शन जादू केल्यासारखं वागलं, की नुसतं चकित होऊ नका. त्या फंक्शनचं नाव कंसांशिवाय लिहून एंटर मारा. त्याचा कोड समोर येईल. त्यात सबस्टिट्यूट किंवा कोट दिसतंय का ते शोधा. दिसलं तर समजा, हे फंक्शन तुमचं उत्तर बघत नाहीये, तुमचं वाक्य वाचतंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!