रिमोट कुणाच्या हाती? टीव्ही, घर आणि घरकामाचा इतिहास

१/ पुरुषांना बातम्या आणि क्रिकेट, बायकांना मालिका. हे विधान इतक्या वेळा कानांवर पडते की तो निसर्गनियमच वाटू लागतो. प्रत्यक्षात या भेदाला इतिहास आहे आणि त्याची मुळे घरकामात आहेत.

२/ सुरुवात रेडिओपासून. १९३० मध्ये शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावर अर्ना फिलिप्स यांची 'पेंटेड ड्रीम्स' ही मालिका सुरू झाली. दिवसा घरी असणारी गृहिणी हा तिचा श्रोतृवर्ग. पुढे साबणाच्या कंपन्यांनी अशा मालिकांना पैसा पुरवला, म्हणून त्या 'सोप ऑपेरा' ठरल्या.

३/ फिलिप्स यांचीच 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर आली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. संथ कथानक, भरपूर संवाद, घडलेल्याची उजळणी हे या प्रकाराचे विशेष. हात कामात असले तरी नुसत्या कानांनी कथा कळत राही.

४/ १९८६ मध्ये डेव्हिड मॉर्ली यांचे 'फॅमिली टेलिव्हिजन' प्रसिद्ध झाले. दक्षिण लंडनमधील १८ कुटुंबांच्या मुलाखतींत त्यांना आढळले, की पुरुष शांतपणे, एकचित्त होऊन पाहू इच्छितात. स्त्रिया बोलता बोलता, इस्त्री करता करता पाहतात. रिमोट बहुधा वडिलांच्या हाती.

५/ मॉर्ली यांनी याचे कारण स्त्रीपुरुषांच्या स्वभावात शोधले नाही. पुरुषासाठी घर म्हणजे विसावा. स्त्रीसाठी तेच कामाचे ठिकाण. म्हणून निवांत पाहत बसताना तिला अपराधी वाटे. पती बेरोजगार आणि पत्नी नोकरीत असलेल्या घरांत मात्र पुरुषाची ही सत्ता काहीशी सैल झालेली दिसली. अर्थात १८ गौरवर्णीय कुटुंबांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही.

६/ आता आपल्याकडे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वाहिनी एकच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. १९८४ ची 'हम लोग' सारे घर एकत्र पाही. नव्वदच्या दशकात केबल आली, वाहिन्या वाढल्या आणि रिमोटवरून वादही.

७/ ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर दोन कार्यक्रम सुरू झाले. रात्री ९ वाजता 'कौन बनेगा करोडपती' आणि साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. साडेदहा म्हणजे अनेक घरांत जेवणे उरकून, ओटा आवरून झाल्यानंतरची वेळ.

८/ म्हणून 'बायका मालिकाच पाहतात' असे कुणी म्हणाले, तर एक प्रश्न अवश्य विचारा: त्या घरात बसून टीव्ही पाहण्याची सवड कुणाला होती?

तुमच्या घरी रिमोट कुणाकडे असे? आई-आजीला विचारून खाली नक्की लिहा.