उत्तेजक : एका औषधाचा आणि एका विभागणीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘उत्तेजक’ हा शब्द मोठ्या प्रतिष्ठेने वावरत होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८९४ साली पुण्यात उभी राहिलेली संस्था ‘ग्रंथोत्तेजक’ होती. त्याच शहरातील एक सभा ‘वक्तृत्वोत्तेजक’ होती. मुंबईच्या पारशी रंगभूमीवर ‘नाटक उत्तेजक मंडळी’ होती. जे आत आहे पण बाहेर येत नाही त्याला हात देणे, असा त्या शब्दाचा भाव होता. शाळेच्या बक्षीस-समारंभातील ‘उत्तेजनार्थ’ पारितोषिक हा त्या अर्थाचा आज उरलेला अवशेष. विसाव्या शतकात शब्द घसरला. आता ‘उत्तेजक द्रव्य’ म्हटले की खेळाडूवरील बंदी आठवते किंवा पोलिसांचा छापा. एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता, यांवर दिल्या जाणाऱ्या प्रमुख औषधांना वैद्यकात ‘उत्तेजके’ म्हणतात. ही औषधे घेणाऱ्या प्रौढ माणसाला, आणि तो स्वमग्न असेल तर अधिकच, शब्दाच्या या दोन्ही अर्थांमध्ये उभे राहावे लागते. प्रस्तुत लेखात त्याच्या या जागेचा इतिहास पाहायचा आहे.

हा इतिहास १९३७ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथील एका बालरुग्णालयात सुरू होतो. चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने तेथील ३० मुलांना बेंझेड्रिन, म्हणजे अॅम्फेटामिन, दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात विलक्षण फरक पडला आणि पुष्कळ मुले अधिक शांत झाली. उत्तेजकाने शांतता यावी हा विरोधाभास तेव्हापासून सर्वत्र सांगितला जातो. परंतु त्या निबंधातील दुसरी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ब्रॅडलीची मुले एका साच्यातील नव्हती. काही अभ्यासात अडलेली, काही आक्रमक, काही अपस्माराची, तर काही आपल्यातच मिटलेली, त्या काळच्या भाषेत ‘स्किझॉइड’ होती. रशियन मनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२६ साली ज्या मुलांची वर्णने याच शब्दाखाली प्रसिद्ध केली, त्यांत आजचे वाचक स्वमग्नतेची पहिली चित्रे पाहतात. ब्रॅडलीची ती मिटलेली मुले स्वमग्नच होती असे यावरून ठरत नाही. मात्र एवढे निश्चित म्हणता येते की औषधाच्या पहिल्या दिवशी चंचल मूल आणि मिटलेले मूल यांच्यामध्ये भिंत नव्हती. ती नंतर बांधली गेली.

पुढील दोन दशकांत औषध आणि निदान यांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. लिओ कॅनरने १९४३ मध्ये आणि हान्स आस्पेर्गरने १९४४ मध्ये स्वमग्न मुलांविषयी आपापले निबंध लिहिले. त्याच १९४४ साली स्वित्झर्लंडमधील सिबा या कंपनीत लेआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट तयार केले. त्याची पत्नी मार्गेरिट ऊर्फ रिटा हिने ते स्वतः घेऊन पाहिले, टेनिसच्या खेळापूर्वी ती ते घेत असे, आणि तिच्याच नावावरून ‘रिटालिन’ हे नाव पडले, असे सांगितले जाते. पुढे जे औषध मुलांचे म्हणून जगभर ओळखले गेले, त्याच्या नावात स्वेच्छेने ते घेणारी एक प्रौढ स्त्री आहे. प्रौढांकडे शास्त्राचे लक्ष वळायला मात्र वेळ लागला. अमेरिकेतील युटा विद्यापीठात वुड, वेंडर आणि राइमहेर यांनी १९७६ साली मोजक्या प्रौढांवर या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला. तोवर ही चंचलता वयाबरोबर विरून जाते हीच समजूत रूढ होती.

भिंत बांधली गेली ती १९८७ साली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या त्या वर्षीच्या सुधारित आवृत्तीने ठरवले की स्वमग्नतेच्या गटातील निदान झालेल्या व्यक्तीला एडीएचडीचे निदान देता येणार नाही. १९९४ च्या आवृत्तीने तेच शब्द बदलून कायम ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तत्कालीन वर्गीकरणाचा रोखही तोच होता. युक्तिवाद असा की स्वमग्न माणसाची अस्वस्थता ही स्वमग्नतेचाच भाग. तिला वेगळे नाव कशाला? सूचीकाराने एक ग्रंथ एकाच कपाटात ठेवावा तसा हा प्रकार. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने बंदी उठवली. मधल्या २६ वर्षांत वाढलेल्या पिढीला तिच्या दोन स्वभावांपैकी एकच कागदावर मिळाला, आणि ज्याला निदान नाही त्यावरचे औषधही सहसा मिळत नाही.

बंदीच्या त्या काळातही शास्त्र अगदी गप्प नव्हते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्नतेच्या गटातील ७२ अतिचंचल मुलांना मेथिलफेनिडेट दिले गेले. सुमारे ४९ टक्के मुलांना उपयोग झाला. १८ टक्क्यांना चिडचिडीसारख्या दुष्परिणामांमुळे औषध थांबवावे लागले. स्वमग्नता नसलेल्या एडीएचडीच्या मुलांत उपयोगाचे प्रमाण साधारण ७० टक्के वा अधिक असते. म्हणजे औषध लागू पडते, पण कमी जणांना, आणि अधिक सांभाळून द्यावे लागते. हे सारे मुलांविषयी. स्वमग्न प्रौढांवरचे अभ्यास आजही थोडे आणि छोटे आहेत, त्यामुळे या बाबतीत औषध घेणाऱ्याची साक्ष हाच मोठा पुरावा ठरतो.

ती साक्ष काय सांगते? मेथिलफेनिडेट मेंदूतील डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन यांचे पुनर्शोषण रोखते. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तास टिकतो. भूक मंदावते, झोप लांबते, नाडी व रक्तदाब वाढू शकतो. हे सर्वांनाच लागू. स्वमग्न प्रौढांनी लिहिलेल्या अनुभवांत याखेरीज एक वेगळी गोष्ट वारंवार येते. त्यांच्या एका स्वभावाला ठरलेला क्रम हवा असतो, तर दुसऱ्याला नावीन्य. एक घडी घालतो, दुसरा ती विस्कटतो. औषधाने दुसरा शांत झाला की पहिला मोकळा होतो. अर्धवट राहिलेले काम पुरे होते. पण त्याचबरोबर ट्यूबलाइटची गुणगुण, सदऱ्याची शिवण, ठरलेल्या वेळेत झालेला बदल, हे सगळे अधिक बोचू लागते. कुणाला हा सौदा मान्य होतो, कुणाला होत नाही. दोन्ही निर्णय विचारपूर्वक घेतलेले असू शकतात, आणि ते त्या माणसाखेरीज कुणी घेऊ शकत नाही.

निदानाच्या पुस्तकातील भिंत पडली, पण आपल्याकडे दुसरी उभीच आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ती प्रथम ओळखली, आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. एडीएचडी त्या यादीत नाही. तिच्यावरील प्रमुख औषध मात्र कायद्याला चांगले ठाऊक आहे : १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात मेथिलफेनिडेट मनोव्यापारांवर परिणाम करणारे द्रव्य म्हणून नोंदलेले आहे, आणि औषध-नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीतही. म्हणजे एकाच माणसाचे एक अर्धे हक्कांच्या कायद्यात राहते, आणि दुसऱ्या अर्ध्याची गाठ कायद्याशी पडते ती केवळ निर्बंधांच्या रूपाने.

याचा अर्थ नकाशावर पाहावा. रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे हे चिपळूणच्या दक्षिणेला मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव. कोकण रेल्वेचे स्थानक आहे, चित्रकलेचे महाविद्यालय आहे, जवळच डेरवणला मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. कोकणातील अनेक गावांच्या मानाने हे सुदैवच. तरी येथील एखाद्या प्रौढाला हे औषध दरमहा घ्यायचे असेल, तर प्रौढांमधील ही दोन्ही निदाने एकत्र ओळखणारा मनोविकारतज्ज्ञ हवा, दोन प्रतींत चिठ्ठी हवी, आणि ‘एक्स’ अनुसूचीचा वेगळा परवाना असलेले, औषध कुलपात ठेवणारे दुकान हवे. असा परवाना प्रत्येक औषधविक्रेत्याकडे नसतो. २०२० साली केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा ‘एक्स’ अनुसूचीतील औषधे त्यातून स्पष्टपणे वगळली. ज्या माणसाची अडचणच वेळ पाळणे, कागद सांभाळणे आणि अनोळखी गर्दीत प्रवास करणे ही आहे, त्याच्याकडून ही व्यवस्था दरमहा नेमके तेच मागते.

उलट निकोटिन आणि कॅफिन ही दोन उत्तेजके महामार्गावरच्या कुठल्याही टपरीवर मिळतात. कडक चहा, विडी, तंबाखू, घरातल्या बायकांची मशेरी : यांना कुणी औषध म्हणत नाही. एडीएचडी असलेल्या प्रौढांमध्ये तंबाखूचे प्रमाण अधिक आढळते, हे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवले आहे. निर्बंध अकारण नाहीत; अॅम्फेटामिनचा दुसऱ्या महायुद्धातील व नंतरचा गैरवापर हा खरा इतिहास आहे. पण ज्या कुलपाने गैरवापर रोखायचा, ते रुग्णालाही रोखते आणि टपरी उघडी राहते, तेव्हा त्या कुलपाचा हिशेब पुन्हा तपासायला हवा.

साहित्याच्या अभ्यासकांचा या सगळ्याशी संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध शब्दांचा आहे. ‘स्वमग्नता’ या शब्दातील ‘मग्न’ मराठीत निंदेचा नाही. मग्न आणि तल्लीन होणाऱ्याचे आपण कौतुकच करत आलो. ‘अवधान’ हा शब्द तर आपल्या परंपरेच्या मध्यभागी आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. तेथे अवधान हे वक्ता आणि श्रोता यांच्यामधले देणेघेणे आहे. ते द्यायचे असते, आणि मागणाऱ्यावरही त्याची जबाबदारी येते. निदान-पुस्तिकेत तेच एका डोक्यातील शिल्लक झाले, जिच्यात तूट मोजायची. २००५ सालीच डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी असा सिद्धांत मांडला की स्वमग्नता हीसुद्धा मुळात अवधानाचीच एक रीत आहे : थोड्या गोष्टींवर, पण सारे लक्ष एकवटणारी. यांपैकी लॉसन स्वतः स्वमग्न. हा विचार मान्य केला तर १९८७ ची भिंत चुकीच्या जागी होती एवढेच ठरत नाही; एकाच अवधानाचे दोन तुकडे करून एकाला अपंगत्व आणि दुसऱ्याला बेशिस्त म्हणण्याची आपली सवयही चुकीची ठरते.

गोळी माणसाला बदलते की त्याचे जे आहे ते बाहेर येऊ देते, हा वाद संपणारा नाही, आणि प्रत्येकाचे उत्तर एक असणारही नाही. पण उत्तर देण्याचा अधिकार कुणाचा, हे इतिहास पाहिल्यावर स्पष्ट व्हावे. ‘उत्तेजक’ शब्दाचा रानड्यांच्या काळचा अर्थ त्या प्रौढ माणसाला परत मिळावा, यासाठी शिक्षकांना आणि लेखकांना एक गोष्ट करता येण्याजोगी आहे : तो औषध घेतो हे ऐकल्यावर भुवया न उंचावणे, आणि घेत नाही हे ऐकल्यावरही.