मॅन्डोलिनची नखी : पीस, कासव आणि सेल्युलॉइड

वाद्यांच्या इतिहासाची साधने धुंडाळताना अभ्यासकाला एक अडचण वारंवार येते. वाद्य टिकते, पण ते ज्या वस्तूने वाजविले गेले ती वस्तू बहुधा टिकत नाही. नेपल्सच्या व्हिनाच्चिया घराण्याने अठराव्या शतकात घडविलेली मॅन्डोलिने युरोपातील संग्रहालयांत आज पाहावयास मिळतात. त्यांच्या तबल्या, खुंट्या, हस्तिदंती नक्षी यांची तपशीलवार वर्णने उपलब्ध आहेत. परंतु त्या वाद्यांच्या तारा छेडणारी बोटभर लांबीची नखी झिजली की फेकून द्यावयाची वस्तू होती, आणि ती फेकून दिली गेली. परिणामी मॅन्डोलिनचा इतिहास लाकूड आणि तार यांच्याच आधारे लिहिण्याची प्रथा पडली. प्रस्तुत लेखात हा इतिहास नखीच्या बाजूने वाचून पाहावयाचा आहे. कारण या वाद्याच्या ध्वनिगुणाविषयी प्रचलित असलेली काही मते नखीचा विचार न केल्यामुळेच रूढ झाली आहेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम शब्दाविषयी. मराठीत 'नखी' म्हटले की सतारवादकाच्या तर्जनीवर बसणारी तारेची नखी डोळ्यांपुढे येते. मॅन्डोलिनची नखी बोटावर चढवीत नाहीत; ती अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरतात. त्या दृष्टीने ती सरोदच्या जव्याला अधिक जवळची. तथापि 'नखी' हा शब्द सर्वपरिचित असल्याने तोच येथे योजिला आहे.

अठराव्या शतकात 'मॅन्डोलिन' या एकाच नावाखाली दोन भिन्न वाद्ये नांदत होती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिले जुने 'मॅन्डोलिनो' : तातीच्या तारांचे, बहुधा सहा जोड्यांचे, चतुर्थ अंतराने जुळविलेले आणि मुख्यतः बोटांनी वाजविले जाणारे. दुसरे शतकाच्या मध्यास नेपल्समध्ये आकारास आलेले : चार जोड्यांचे, व्हायोलिनप्रमाणे पंचम अंतराने जुळविलेले, ज्याच्या काही तारा धातूच्या असत. धातूची तार बोटाच्या मांसल टोकाने छेडली तर पुरेशी झणकारत नाही. तिला कठीण वस्तूचाच स्पर्श हवा. म्हणून दुसऱ्या वाद्याबरोबर नखी अपरिहार्यपणे आली. तिच्या अस्तित्वाचा भौतिक पुरावा वाद्यावरच आहे. ध्वनिरंध्र आणि घोडी यांच्या मध्ये तबलीत जडविलेली कासवाच्या कवचाची रक्षापट्टी ही केवळ शोभेची नव्हे. नखीचे ओरखडे मऊ लाकडावर पडू नयेत यासाठी ती आहे. बोटांनी वाजविल्या जाणाऱ्या मॅन्डोलिनोस अशा पट्टीची गरज नव्हती व सामान्यतः ती त्यावर नसे.

ही नखी कशाची होती? याचे उत्तर पॅरिसमध्ये मिळते. 1760 नंतरच्या दशकात नेपल्सचे वादक तेथे शिकविण्यास गेले आणि हौशी शिष्यवर्गासाठी पाठपुस्तके छापली जाऊ लागली. लेओने (1768), देनिस, फुकेत्ती आणि कोरेत (1772) यांची पुस्तके त्यांतील प्रमुख होत. त्यांतून दिसणारी नखी पक्ष्याच्या पिसाच्या दांडीची आहे. लेखणीसाठी पीस तासणाऱ्या त्या काळात तिच्यासाठी निराळ्या कारागिराची गरज नव्हती. वादकाने चाकू घेऊन ती स्वतःच करावी, अशीच अपेक्षा होती. पिसाची दांडी हलकी, पातळ आणि अत्यंत लवचिक असते. तार छेडताना ती प्रथम वाकते व मग सुटते. त्यामुळे आघात सौम्य होतो, मूलस्वर फार भरीव नसतो, पण वरचे उपस्वर स्वच्छ ऐकू येतात. हार्पसिकॉर्डच्या तारा छेडणारे पिसाचे दात ज्याने ऐकले आहेत त्यास या नादाची कल्पना येईल; तेथेही तत्त्व तेच आहे. पिसाचा दोष असा की ते लवकर मऊ पडते आणि त्याच्या कडेला तंतू सुटतात. वादकाने ते पुन्हा पुन्हा तासावे लागे.

उत्तर इटलीत याच सुमारास चेरीच्या झाडाच्या सालीची पट्टी नखी म्हणून वापरली जात असे. ती तातीच्या तारांसाठी सोयीची. साल पिसापेक्षा मऊ आणि तिचा स्पर्श किंचित खरखरीत असल्याने तातीला ती पकड देते. बोर्तोलाझ्झी हा फिरता वादक चार एकेरी तातींचे मॅन्डोलिन वाजवीत असे. हुमेलने 1799 मध्ये आपली मॅन्डोलिनची रचना त्याच्यासाठीच लिहिली. मोझार्टने 1787 मध्ये 'दोन जोव्हान्नी' या संगीतिकेतील गीतास मॅन्डोलिनची साथ दिली आणि बेथोव्हनने 1796 मध्ये प्रागमध्ये या वाद्यासाठी लहान रचना केल्या. या सर्वांच्या कानांवर जो नाद होता तो पीस, साल आणि कमी ताणाच्या तारा यांचा. पोलादी तारा आणि जाड नखी यांनी त्याच रचना आज वाजविल्या असता ऐकू येणारा नाद त्यांना परिचित नव्हता. या रचनांना 'मूळ स्वरूपात' सादर करण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी जुन्या वाद्याची प्रतिकृती मिळविली आणि नखी मात्र आजची ठेवली, तर त्यांचा अर्धा प्रयत्न वायाच जातो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परिस्थिती पालटली. पास्काले व्हिनाच्चिया (जन्म 1806) याने वाद्याला पोलादी तारा, दंतचक्रांच्या खुंट्या आणि लांब दांडी दिली. हा बदल साधारणतः 1830 नंतरच्या दशकातला मानतात. पोलादी तारेचा ताण पिसाला पेलत नाही. येथे कासव पुढे आले. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या पाठीवरील खवले केराटिनचे असतात. म्हणजे आपल्या नखांच्या आणि गुरांच्या शिंगांच्याच जातीचा हा पदार्थ. तो उष्णतेने मऊ होतो, हवा तसा वळविता येतो, थंड झाल्यावर ताठ राहतो, आणि घासून झिलई दिली असता त्याची कड काचेसारखी गुळगुळीत होते. तो झिजतो, पण झिजतानाही त्याला तंतू सुटत नाहीत. कंगवे, डब्या, चष्म्यांच्या चौकटी यांसाठी या कवचाचा व्यापार पूर्वीपासून चालत आला होता. नखीसाठी नवा कच्चा माल शोधावा लागला नाही.

या बदलाचा वादनपद्धतीवर झालेला परिणाम आमच्या मते वाद्याच्या रचनेतील बदलाइतकाच महत्त्वाचा आहे. मॅन्डोलिनचा स्वर लवकर विरतो. दीर्घ स्वर टिकवावयाचा तर तार वेगाने खाली-वर छेडावी लागते. यालाच ट्रेमोलो म्हणतात. अठराव्या शतकात तो अलंकार म्हणून येई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो वादनाचा आधारच होऊन बसला. इटलीची राणी मार्गेरिता हिचा या वाद्याला मिळालेला आश्रय, 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलेले स्पॅनिश विद्यार्थी वादकांचे पथक, आणि पाठोपाठ युरोपभर व अमेरिकेत निघालेली मॅन्डोलिन-मंडळे ही सारी लाट ट्रेमोलोच्या गुंजारवावर उठली. प्रत्येक आघातात दोन-दोन तारा, आणि असे आघात सेकंदाला दहा-बारा : एवढे काम विस्कटणाऱ्या पिसाकडून होणे शक्य नव्हते. नेपल्सचे कालाचे आणि मुनियेर यांच्या पिढीचे वादन कासवाच्या नखीवाचून कल्पिता येत नाही. रोमच्या परंपरेत हीच नखी लांबट व निमुळत्या टोकाची झाली, तर नेपल्समध्ये ती आखूड राहिली.

आता ध्वनिगुणाचा प्रश्न. कासवाच्या कवचात काही अनुपम गुण आहे आणि त्याची जागा दुसरा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही, हे मत वादकांत आजही दृढ आहे. ते तपासण्यासाठी तार सुटते कशी हे पाहिले पाहिजे. नखी तारेला बाजूला ओढते, तार तिच्या कडेवरून घसरते आणि सुटते. ही सुटण्याची क्रिया जितकी आकस्मिक, तितके वरचे उपस्वर प्रबळ. ती जितकी रेंगाळते तितके ते क्षीण. टोकदार नखीवरून तार झटकन सुटते, म्हणून तिचा नाद तीक्ष्ण. गोलसर कोपऱ्याच्या नखीवरून ती सावकाश घसरत जाते, म्हणून नाद गोल व गडद. पातळ नखी तारेबरोबर स्वतःही वाकते. तारेला ती पुरेशी दूर ओढू शकत नाही आणि सुटताना स्वतः फडफडते, त्याचा 'टक्' असा आवाज स्वरात मिसळतो. ट्रेमोलोत मात्र हाच लवचिकपणा हाताला आराम देतो. नवशिक्याला पातळ नखी सोपी वाटते ती त्यामुळेच. जाड नखी मूलस्वर भरीव देते, पण मनगट ढिले नसेल तर ती तारांत अडकते. कड एका अंगाने उतरती घासली की ही अडचण बरीच कमी होते. नखी तारेला समांतर न धरता किंचित तिरपी धरली तर तिची कड तारेवर खरडते, आणि वेटोळ्याच्या जाड तारांवर ही खरखर स्पष्ट ऐकू येते.

यात पदार्थाचा वाटा किती? केराटिन, सेल्युलॉइड, केसीन, पॉलिइमाइड यांचा ताठरपणा साधारण एकाच कोटीतला आहे. त्यांच्यातील फरक एकाच पदार्थाच्या 0.7 मि.मी. आणि 1.4 मि.मी. जाडीच्या दोन नख्यांतील फरकापुढे किरकोळ ठरतो. कारण पट्टीचा ताठरपणा जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट तर ताठरपणा आठपट. शिवाय छेडण्याच्या जागेचाही विचार केला पाहिजे. सुमारे 33 सें.मी. लांबीच्या तारेला घोडीपासून पंचमांश अंतरावर छेडले की पाचवा आणि दहावा उपस्वर जवळजवळ नाहीसा होतो. हात दोन बोटे सरकविल्याने नादात जो फरक पडतो तो कवच टाकून सेल्युलॉइड घेतल्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. पदार्थाचे खरे महत्त्व अन्यत्र आहे : कड किती काळ टिकते, घामेजलेल्या चिमटीतून नखी सटकते की नाही, आणि तारेवरून ती किती कमी घर्षणाने जाते. या तिन्ही बाबतींत कवच उत्कृष्ट होते. वादक ज्याला नाद म्हणतो त्यात चिमटीतील स्पर्शाचाही अंश असतो, आणि तो दूर बसलेल्या श्रोत्यापर्यंत पोचत नाही.

सेल्युलॉइड जन्मले तेच अनुकरणासाठी. अमेरिकेत हायट याने 1870 च्या सुमारास नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून ते सिद्ध केले, आणि हस्तिदंत व कासवाचे कवच यांचे रूप त्याला देणे हा त्याच्या उद्योगाचा मोठा भाग होता. नख्यांवर आजही दिसणारे तपकिरी-पिवळे डाग म्हणजे त्या हॉक्सबिलची सावलीच होय. सेल्युलॉइडचे पातळ तक्ते साच्याने कापून नख्या काढता येऊ लागल्या आणि ठराविक आकार व ठराविक जाडी ही कल्पना रूढ झाली. तोपर्यंत प्रत्येक नखी वेगळी होती.

अमेरिकेत वाद्यही बदलले. ऑर्व्हिल गिब्सनने 1898 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीने तबली व पाठ व्हायोलिनप्रमाणे कोरून घडविली जाऊ लागली. 1922 नंतर लॉइड लोअरच्या देखरेखीखाली एफ-5 हा नमुना निघाला. बिल मन्रो याचे 1923 चे वाद्य याच नमुन्याचे. मन्रोच्या ब्ल्यूग्रासमध्ये मॅन्डोलिनने तालवाद्याचेही काम पत्करले : दुर्बल मात्रेवर स्वरसंघात छेडावयाचा आणि डाव्या हाताने तत्क्षणी दाबून टाकावयाचा. या ठोक्याला नेपल्सची निमुळती नखी निरुपयोगी. त्याला जाड, गोल कोपऱ्यांची, त्रिकोणी नखी हवी. याउलट जर्मनीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रोक्त वादकांनी गुळगुळीत वेटोळ्याच्या तारा आणि कठीण रबरासारख्या पदार्थाची जाड नखी स्वीकारून तीक्ष्णपणा जवळजवळ हद्दपार केला. एकाच वाद्याच्या नावाखाली एवढे भिन्न नाद नांदतात.

संकटग्रस्त प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार 1973 मध्ये झाला, 1975 मध्ये अंमलात आला, आणि 1977 पर्यंत हॉक्सबिलचा सर्वत्र परिशिष्ट 1 मध्ये समावेश होऊन कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. भारतातही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे. या कासवाच्या ऱ्हासात नखीचा वाटा कंगव्यांच्या मानाने अल्प होता हे खरे. पण पर्याय नसल्याचा युक्तिवाद टिकणारा नाही, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. दुधातील प्रथिनापासून केलेले केसीनचे प्लॅस्टिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सिद्ध झाले होते. त्याचा स्पर्श केराटिनच्या पुष्कळ जवळ जातो. अलीकडे यंत्रांच्या धारव्यांसाठी बनविलेल्या पॉलिइमाइडच्या नख्या निघाल्या आहेत. त्या महाग असतात, परंतु त्यांची कड कवचापेक्षाही अधिक टिकते.

भारतात या वाद्याचा प्रवास निराळा झाला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत सज्जाद हुसेन (1917–1995) यांनी जोडतारांच्या मॅन्डोलिनवर हिंदुस्थानी राग वाजविले. संगीतकार लक्ष्मीकांत कुडाळकर यांची सुरुवातही मॅन्डोलिनवादक म्हणूनच झाली. कर्नाटक संगीतात यू. श्रीनिवास (1969–2014) यांनी विद्युत् मॅन्डोलिन घेतले आणि जोड्यांच्या जागी एकेरी तारा लावल्या. स्वर विजेच्या साहाय्याने टिकू लागल्यावर सततच्या ट्रेमोलोची आवश्यकता उरली नाही. एका आघातानंतर गमकांचे काम डाव्या हाताने करावयाचे. नखीवरचे ओझे त्यामुळे हलके झाले.

याहून लक्षणीय साम्य सरोदमध्ये सापडते, आणि त्याकडे कोणी फारसे लक्ष दिलेले नाही. अफगाण रबाबच्या ताती जाऊन एकोणिसाव्या शतकात सरोदला धातूच्या तारा आणि धातूचा पत्रा बसविलेली दांडी आली. नेपल्समध्ये व्हिनाच्चियाने केलेला बदल साधारण त्याच शतकातला. दोहोंत काही संबंध होता असे मुळीच सुचवावयाचे नाही. पण पोलादी तारेपुढे दोन्ही ठिकाणच्या वादकांना जाड, ताठ आणि गुळगुळीत कडेची नखी शोधावी लागली. नेपल्सच्या वादकाने ती समुद्री कासवाच्या पाठीवरून घेतली. सरोदियाने नारळाची करवंटी कापून, कानसने घासून आणि तेल देऊन आपला जवा घडविला, आणि तो आजही असाच घडविला जातो.