दोष कोणाचा? क्रिस्तीन पेती आणि बहिरेपणाची जनुकं

मंडळी, शेलूबाजारात येऊन पॅरिसच्या एका बाईंबद्दल बोलायचं, तर सुरुवात आपल्याकडूनच केलेली बरी. आमच्या लहानपणी शेजारी एक सून होती. तिचा पहिला मुलगा ऐकत नाही, हे तो दोन वर्षांचा झाल्यावर लक्षात आलं. सासूनं निकाल दिला : हिनं ग्रहणात भाजी चिरली. पुढे मुलगीही तशीच निघाली. मग ग्रहणाचीसुद्धा गरज राहिली नाही, 'हिच्याच पोटात खोट' असं ठरलं. नवरा तिचा आतेभाऊ होता, म्हणजे सासू तिची सख्खी आत्या. हे मात्र कोणी हिशेबात धरलं नाही.

आता क्रिस्तीन पेती. जन्म १९४८. शिक्षणानं डॉक्टर, पुढे पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये संशोधन. आधी त्यांनी वास न येण्याशी संबंधित असलेल्या एका आनुवंशिक आजारावर काम केलं, मग कानाकडे वळल्या. तेव्हा कानाचं संशोधन अडून बसलं होतं. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर असतात. आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या केसाळ पेशी जेमतेम पंधरा-सोळा हजार, त्याही कवटीच्या टणक हाडात दडलेल्या. प्रयोगशाळेत अभ्यासायला पुरेसा माल आणायचा कुठून? म्हणून त्या वंशावळीच्या वाटेनं निघाल्या.

पण तिथेही गुंता होता. युरोप-अमेरिकेत बहिरी माणसं पुष्कळदा आपसांत लग्नं करतात. त्यामुळे एकाच घरात बहिरेपणाची तीन-चार वेगळी कारणं एकत्र येतात आणि धागा सुटत नाही. तेव्हा जिथे पिढ्यान् पिढ्या नात्यातच सोयरिकी होतात, अशी घरं शोधायची ठरलं. ट्युनिशियातली अशी कुटुंबं मिळाली, आणि १९९४ मध्ये पेतींच्या गटानं बहिरेपणाची एक जागा तेराव्या गुणसूत्रावर दाखवली. तिथलं जनुक कोणतं, हे १९९७ मध्ये लंडनच्या गटानं सांगितलं : कनेक्सिन-२६. शेजारशेजारच्या पेशींमधली बारीक खिडकी बांधणारं हे प्रथिन. लंडनच्या त्या अभ्यासात मूळची पाकिस्तानी कुटुंबंही होती. त्यांच्यात एक बिघाड असा सापडला की प्रथिनाची साखळी चोविसाव्या कडीलाच तुटते. पुढे भारतातल्या कर्णबधिरांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा या जनुकातला आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा बिघाड हाच निघाला. म्हणजे ट्युनिशियाची वाट फिरून आपल्या अंगणात आली, बरं का!

इथे आमच्या विषयाचं थोडं बोलू द्या. मराठीत 'दोष' या एकाच शब्दात उणीवही येते आणि अपराधही. यंत्रात दोष असतो, माणसाचाही दोष असतो. आम्ही आयुष्यभर वर्गात कार्यकारणभाव शिकवला, पण या एका शब्दानं घराघरांत किती अन्याय केला, ते आम्हांला फार उशिरा दिसलं.

कारण जनुकाचा हिशेब असा आहे. या प्रकारात बिघडलेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही याव्या लागतात. एकच प्रत असलेला माणूस नीट ऐकतो, त्याला पत्ताही नसतो. दोघंही तसे असले तर प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता. आणि आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल तर? आजोबांची किंवा आजीची एक बिघडलेली प्रत वडिलांमार्फत सुनेकडे येते, आणि आत्यामार्फत नवऱ्याकडे. आमच्या शेजारी तसंच झालं होतं का, हे कोणी तपासलं नाही. झालं असेल, तर अर्धी वाट सासूबाईंमधूनच गेली होती.

पेती पुढेही थांबल्या नाहीत. १९९९ मध्ये लेबनॉनमधल्या कुटुंबांवरून त्यांच्या गटानं ओटोफर्लिनचं जनुक शोधलं. यात कान आवाज टिपतो, पण पेशीकडून मज्जातंतूकडे निरोपच जात नाही. २०१८ मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर काव्हली पारितोषिक मिळालं. पुरस्कारापेक्षा आम्हांला पुढची गोष्ट मोठी वाटते. हे जनुक उपचारासाठी वापरायच्या विषाणूत मावत नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करून कानात सोडायचे, अशी युक्ती निघाली. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी सहा मुलांवरचे निष्कर्ष छापले. त्यांतल्या पाच मुलांना ऐकू येऊ लागलं.

हे सध्या फक्त ओटोफर्लिनपुरतं आहे. कनेक्सिनवाल्या मुलांना आजही श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा खुणांची भाषा हाच आधार, आणि तो पहिल्या वर्षात मिळाला तर फार फरक पडतो. आमच्या शेजारी दोन वर्षं ग्रहणात गेली.

आता कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.