चंदीचा हिशेब

इंग्लंडमधले जुने खेडे म्हटले की नांगराला जुंपलेला धिप्पाड घोडा डोळ्यांपुढे येतो. खुरांवर केसांचे झुबके, गळ्यात जाडजूड भरीव पट्टा, मागे नांगर्‍या. हे चित्र अनादी काळापासूनचे असावे असे वाटते. दप्तरे मात्र वेगळे सांगतात.

विल्यम पहिला याने 1085 च्या नाताळात ग्लॉस्टर येथे दरबार भरवला आणि जिंकलेल्या मुलखात कोणाकडे किती जमीन, किती कुळे, किती औते आहेत, याच्या पाहणीचा हुकूम काढला. पुढच्या वर्षी झालेल्या त्या पाहणीचे दप्तर म्हणजे ‘डूम्सडे बुक’. एकही बैल, गाय की डुक्कर नोंदीतून सुटले नाही, अशी कुरकुर त्या काळच्या बखरकाराने करून ठेवली आहे. राजाला रस महसुलात होता, म्हणून पाहणीदारांनी नांगर मोजले. त्यांची बेरीज सुमारे 81,000 भरते, आणि एक नांगर म्हणजे आठ बैल, असे धरलेले आहे. एसेक्स, नॉरफोक आणि सफोक या पूर्वेकडच्या परगण्यांच्या खंडात जमीनदारांची इतर जनावरेही मांडली आहेत. तिथे मेंढरांच्या मोठमोठ्या आकड्यांशेजारी घोडे एकदोन, फार तर चारदोन.

पण ही जनावरे जमीनदाराच्या गोठ्यातली. कुळाच्या दारात काय बांधलेले होते, याच्याशी या रकान्याला कर्तव्य नव्हते. जॉन लँग्डन या अभ्यासकाने जहागिरींचे जमाखर्च आणि कराच्या याद्या चाळून 1986 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. घोडा शेतात आला तो आधी गाडीला आणि कुळवाला. नांगराला तो मागाहून लागला. आणि त्याला आधी जवळ केले ते जमीनदारांपेक्षा लहान शेतकर्‍यांनी. कारण सरळ आहे. आठ बैल पोसणे ज्याला झेपत नाही, त्याला एकच जनावर कुळवाला, गाडीला, ओझ्याला आणि बाजाराला जायलाही चालत असेल, तर ते सोयीचे पडते.

लिंकनशायरमधल्या एका जमीनदारासाठी 1325 ते 1340 च्या सुमारास रंगवलेली प्रार्थनापोथी, ‘लट्रेल साल्टर’, हीच वाटणी डोळ्यांनी दाखवते. तिच्या समासात नांगर ओढताहेत बैल. कुळव ओढतो आहे घोडा, आणि त्याच्यामागे एक माणूस गोफणीने पाखरे हाकलतो आहे. पिकाने भरलेली गाडी चढावर नेताहेत तीन घोडे. पोथी धार्मिक आणि चित्रे धन्याच्या हौसेची, म्हणून ती हुबेहूब धरू नयेत. पण कोणते जनावर कशाला जुंपायचे याबाबत ती जमाखर्चाच्या विरोधात जात नाहीत.

मग जमीनदार बैलाला का चिकटून राहिले? याचे उत्तर तेराव्या शतकात वॉल्टर ऑफ हेन्लीने फ्रेंचमध्ये लिहिलेल्या शेतीच्या पुस्तकात आहे. त्याचा युक्तिवाद आपल्याकडच्या कोणाही जुन्या शेतकर्‍याला पटावा असा. घोड्याला रोज ओटची चंदी लागते, नाल ठोकावे लागतात. बैल त्याहून स्वस्तात भागतो. घोडा चपळ खरा, पण नांगरे मुद्दाम त्याला बैलाच्याच चालीने चालवतात, मग त्याचा वेग कोणाच्या पदरात पडणार? आणि शेवटी म्हातारा बैल चारून पुष्ट केला तर विकता येतो किंवा खाता येतो. म्हातार्‍या घोड्याचे उरते ते फक्त कातडे. जमीन खडकाळ असेल तर गोष्ट वेगळी, एवढी सूट तो देतो. इथे प्रश्न ताकदीचा नाही. चंदी किती आणि अखेरीस हाती काय, एवढाच आहे.

शिवाय तो घोडाही आजच्या चित्रातला नव्हता. इंग्लंडमधल्या 171 उत्खननस्थळांवरच्या घोड्यांच्या हाडांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मध्ययुगातले बहुतेक घोडे 14 ‘हँड’च्या आतले निघाले. घोडा मोजायचा हा ‘हँड’ म्हणजे चार इंच, आपला दीड फुटी हात नव्हे. म्हणजे खांद्यापाशी उंची पावणेपाच फुटांच्याही खाली, आजच्या भाषेत तट्टू. आठव्या हेन्रीने 1535 नंतर घोड्यांच्या पैदाशीचे कायदे केले. ठरावीक परगण्यांच्या गायरानात 15 हँडपेक्षा लहान वळू घोडा सोडू नये, असे त्यांतल्या एकाने बजावले. डोळा होता लढाईवर. नांगराची चिंता त्या कायद्यांना नव्हती.

ओढीचा खास जड घोडा अठराव्या शतकात कागदावर ठळक दिसू लागतो. आजच्या सगळ्या सफोक जातीच्या घोड्यांची बापाकडची वंशावळ एकाच पूर्वजाशी जाऊन भिडते: 1768 मध्ये जन्मलेला, क्रिस्प नावाच्या शेतकर्‍याचा तांबूस घोडा. हे ठरवले हर्मन बिडेलने. जुन्या जाहिराती आणि म्हातार्‍या माणसांच्या आठवणी ताडून त्याने 1880 मध्ये सफोक घोड्यांची वंशनोंद छापली. शायर जातीची संस्था 1878 ची. आधी तिचे नाव ‘गाडीच्या घोड्यांची’ संस्था असेच होते, 1884 मध्ये ‘शायर’ झाले.

‘गाडी’ हा शब्दच वॉल्टरच्या हिशेबाला उत्तर देतो. रेल्वे आली तसे घोडे कमी न होता वाढले, कारण स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून माल ओढायला घोडाच लागे. बिअरच्या कारखान्यांना, गोद्यांना, रेल्वे कंपन्यांना दणकट, खच्ची केलेले घोडे हवे होते. शेतकरी घरचे शिंगरू वाढवी, तीन-चार वर्षे शेतात राबवी आणि पाच-सहा वर्षांचे झाले की शहराला विकी. शेतातली मेहनत म्हणजे त्याचे शिक्षणच. अखेरीस कातडे उरण्याऐवजी भरली किंमत हाती येऊ लागली, तेव्हा चंदीचा खर्च परवडला. पेरणी-कापणीची नवी यंत्रे एकसारखी, जलद ओढ मागत. तीही घोड्याच्या पथ्यावर पडली. तरीही ससेक्समध्ये बैलांची औते विसाव्या शतकातही चालत होती.

दिवसाला एक एकर नांगरट हे नांगर्‍याचे ठरलेले माप. नांगराचे तास नऊ इंच रुंदीचे धरले, तर एकरभर तासांची लांबी 11 मैल होते. घोडे तेवढे चालत आणि त्यांच्यामागे माणूसही.

1914 च्या ऑगस्टमध्ये सैन्याने खेड्यांतून आणि शहरांतून घोडे उचलले. बारा दिवसांत लष्कराकडचे घोडे 25,000 वरून 1,65,000 च्या घरात गेले. पुढे मोटारलॉरीने शहरातले गिर्‍हाईक काढून घेतले. शेतातल्या घोड्याला तोडले ते आधी तिनेच. ट्रॅक्टर मागून आला.

दुसर्‍या महायुद्धात 1941 ते 1943 दरम्यान इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे तीन लाख शेतांची पाहणी झाली. तिला ‘दुसरे डूम्सडे’ म्हटले गेले. तिच्या तक्त्यात घोडे आहेत जनावरांच्या रकान्यात. ट्रॅक्टर आहेत चालक शक्तीच्या रकान्यात, आणि त्यांची ताकद मागितली आहे अश्वशक्तीत. पहिल्या पाहणीत नांगर बैलांनी मोजला गेला होता.

1966 मध्ये सफोक घोड्यांच्या वंशनोंदीत वर्षभरात नऊ शिंगरे चढली.