लहान घरासाठी गीझर कसा निवडावा? लिटर, दाब आणि ‘टपकणारा’ व्हॉल्व्ह

नाशिक रोडजवळचे एकलहरे महाराष्ट्राला माहीत आहे ते औष्णिक वीज केंद्रामुळे. महानिर्मितीच्या या केंद्रात प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. तिथे बंद भांड्यात पाणी तापवून वाफ तयार होते आणि त्या वाफेवर टर्बाइन फिरते. अशा बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की वाफ आपोआप बाहेर पडते. तुमच्या बाथरूममधला गीझर हेही तेच तत्त्व वापरणारे, आकाराने खूप लहान असे बंद भांडे आहे. गीझर घेताना आपण किंमत, रंग आणि स्टार बघतो. भांडे बंद आहे ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

बंब उघडा, गीझर बंद

जुन्या घरांतला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत लाकडे किंवा कोळसा, भोवती पाणी, वरून थंड पाणी ओतायचे आणि तोटीतून गरम घ्यायचे. पाणी कितीही उकळले तरी वाफ वरच्या तोंडातून निघून जाई, त्यामुळे दाब साचत नसे. गच्चीवरच्या साध्या सोलर हीटरलाही हवेसाठी उभा पाइप असतो. तो कधीही बंद करायचा नसतो.

साठवणुकीच्या विजेच्या गीझरमध्ये असे उघडे तोंड नाही. थंड पाणी खालून आत येते आणि त्याच्या रेट्याने गरम पाणी नळाला जाते. म्हणूनच शॉवरला जोर मिळतो. पण पाणी तापले की फुगते. १५ अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले तर ते सुमारे १.६ टक्के वाढते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ साधारण ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले भरतील इतकी होते. या पाण्याला जागा हवी.

किती लिटरचा घ्यावा?

नाशिकच्या थंडीत टाकीतले पाणी १८ अंशांचे धरू. अंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरते आणि गीझर ६० अंशांवर तापतो. २० लिटरच्या बादलीत साधारण १०.५ लिटर गरम आणि बाकी थंड पाणी लागते.

- १५ लिटर: एका दमात जवळपास दीड बादली. हीटर २ किलोवॉटचा असेल तर एका बादलीपुरते पाणी पुन्हा तापायला सुमारे १५ मिनिटे लागतात. तीन-चार माणसे एकामागून एक बादलीने अंघोळ करत असतील तर हा पुरतो.
- २५ लिटर: शॉवरची सवय असेल किंवा दोघांना लागोपाठ निघायचे असेल तर हा बरा. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर ६ मिनिटे चालला तर ४८ लिटर पाणी जाते आणि त्यात २५ लिटर गरम लागते.
- ३ लिटरचा इन्स्टंट: भांडी धुण्याच्या सिंकला ठीक. ३ किलोवॉटचा हीटर अंघोळीच्या उष्णतेचे पाणी मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. बादली भरायला दहा मिनिटे लागतात.

विजेचा हिशेबही सोपा आहे. १८ वरून ६० अंशांवर जायला १५ लिटरला सुमारे पाऊण युनिट आणि २५ लिटरला सव्वा युनिटच्या आसपास लागते. गरजेपेक्षा मोठी टाकी घेतली तर न वापरलेले पाणी रोज तापते आणि रोज निवते. बीईईचे स्टार नेमके हेच सांगतात, की भरलेली गरम टाकी चोवीस तासांत किती उष्णता गमावते. दिवसभर गीझर चालू ठेवणाऱ्या घरात स्टारचा फायदा जास्त. सकाळी अर्धा तासच लावणाऱ्यांना तो कमी जाणवतो.

दाब किती सोसेल?

पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. बैठ्या घराच्या गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.३ बार भरतो. अशा घरात गीझरवर ६.५ बार लिहिले असो की ८, दोन्ही चालतात. शॉवरची धार बारीक येत असेल तर दोष टाकीच्या उंचीचा किंवा बारीक पाइपचा असतो, गीझर बदलून ती सुधारणार नाही.

धार वाढवायला प्रेशर पंप बसवणार असाल किंवा घर उंच इमारतीत असेल, तर ८ बारचा गीझर घ्या. लेबलवर ०.८ एमपीए लिहिले असेल तर अर्थ तोच. पंप आधी बसवून नंतर गीझर तपासणे हा उलटा क्रम झाला. साध्या, उभ्या पाइपच्या सोलर टाकीला तर असा पंप जोडूच नये.

टपकणारा व्हॉल्व्ह बिघडलेला नाही

गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह मिळतो. तो दोन कामे करतो. गरम पाणी मागे वरच्या टाकीकडे जाऊ देत नाही आणि दाब वाढला की थोडे पाणी बाहेर सोडतो. मागची वाट बंद असल्यामुळे फुगलेले पाणी इथूनच बाहेर पडते. म्हणून पाणी तापताना तो थोडा वेळ टपकतो.

‘गळतोय’ म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारणे किंवा व्हॉल्व्ह काढून साधा सॉकेट जोडणे, ही सर्वांत धोक्याची दुरुस्ती. एरवी थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, तो चुकला तर थर्मल कटआउट असतो. पण दोन्ही निकामी झाले आणि व्हॉल्व्हही बंद असेल, तर आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळू शकत नाही. टाकी फुटली की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या दीडहजारपटीहून अधिक जागा लागते. लहान बाथरूममध्ये त्यापासून पळायलाही जागा नसते.

त्यामुळे व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये दुसरा कॉक नको. व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून ती उताराने मोरीपर्यंत न्या आणि तिचे टोक उघडे ठेवा. गीझर बंद असतानाही पाणी सतत वाहत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला हवा.

बोअरचे पाणी असेल तर

बोअरच्या जड पाण्यातले क्षार हीटरच्या कॉइलवर थर धरतात. मग पाणी उशिरा तापते आणि कॉइल जळते. असे पाणी असेल तर ग्लासलाइन म्हणजे काचेचा लेप दिलेली टाकी बघा आणि थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवा. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो. टाकीऐवजी तो झिजतो. दर एक-दोन वर्षांनी तो तपासून घ्या, झिजला असेल तर बदला. विकत घेतानाच हा दांडा आणि व्हॉल्व्ह जवळपास मिळतात का, हे विचारून ठेवा.

पैसे देण्यापूर्वी आणि बसवताना

- आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत आयएस २०८२ हा क्रमांक बघा.
- उभा गीझर उभाच आणि आडवा आडवाच बसतो. जागा असेल तर उभा घ्या, त्यात गरम आणि थंड पाणी कमी मिसळते.
- पाण्यासह २५ लिटरच्या गीझरचे वजन ३५ किलोच्या आसपास जाते. पक्की भिंत निवडा.
- १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा.
- आधी गरम नळातून पाणी येऊ द्या, मगच बटण दाबा.

दुकानात शेवटचा प्रश्न हा विचारा: ‘सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत आहे ना, आणि बसवणारा माणूस तो बसवेल ना?’ उत्तर टाळाटाळीचे आले, तर दुसरे दुकान बघा.